फ्यूज खाणारी भट्टी

गुणवंत सरांच्या घरात वायरमनला मज्जाव होता. तसा काही बोर्ड लावलेला नव्हता, पण भाईंदर पूर्वेतल्या त्यांच्या इमारतीत ही गोष्ट तळमजल्यापासून गच्चीपर्यंत सगळ्यांना ठाऊक होती. आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलेल्या माणसाने पंखा दुरुस्त करायला परका माणूस बोलवायचा, म्हणजे आचाऱ्याने बाहेरून डबा लावण्यासारखं आहे, असं सर म्हणत. "बिघाड म्हणजे काय? आपल्याला पडलेलं कोडं. आणि कोडं दुसऱ्याकडून सोडवून घेणारा विद्यार्थी मला आवडत नाही."

हे वाक्य ऐकलं की त्यांच्या पत्नी शुभदाबाई मिक्सरकडे बघत. सरांनी ते कोडं सोडवल्यापासून मिक्सर चालताना झाकण एका हाताने आणि भांडं दुसऱ्या हाताने दाबून धरावं लागायचं, आणि बटण बंद करायला दुसरं माणूस लागायचं.

निवृत्त झाल्यावर सरांनी इमारतीतल्या मुलांसाठी रविवारचा वर्ग सुरू केला होता. फी नाही, परीक्षा नाही, गृहपाठ नाही. नियम मात्र एक होता. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, काय फरक पडतो ते डोळे उघडे ठेवून बघायचं, आणि मगच बोलायचं. मुलांना सर आवडत, कारण सर प्रश्नाला रागावत नसत. एकच प्रश्न सात वेळा विचारला तरी सातव्या वेळीही पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा करत.

यंदा वर्गाचा विषय होता माती. मुलांनी चिकणमातीची चित्रं केली होती. हिनाने मांजर केलं होतं. निहारने रिक्षा केली होती आणि तिला मीटरसुद्धा लावलं होतं. कोणी कासव, कोणी समोसा. ही सगळी मंडळी सरांच्या हॉलमध्ये टीपॉयवर वाळत बसली होती. येत्या रविवारी खाली पार्किंगमध्ये त्यांचं प्रदर्शन भरणार होतं, आणि त्या वेळी सर ही सगळी चित्रं पाण्याच्या बादलीत बुडवून दाखवणार होते. कच्ची माती पाण्यात विरघळते, भाजलेली विरघळत नाही. एवढं एक सत्य मुलांनी डोळ्यांनी बघावं, ही सरांची हौस. आई-वडिलांना निमंत्रणं गेली होती. सरांनी मुलांना शब्द दिला होता, की रविवारपर्यंत तुमची सगळी चित्रं भाजून तयार असतील.

भाजायला भट्टी हवी. ती सरांनी मिळवली. स्टेशनकडच्या गल्लीत मीनाकारीच्या दागिन्यांचा एक छोटा कारखाना बंद होत होता, तिथली विजेवर चालणारी जुनी भट्टी त्यांनी उचलली. लहान तिजोरीएवढी, आतून विटांची, विटांच्या खाचांत तारेचं वेटोळं, आणि वर पत्र्याचं झाकण. झाकणाला हवा खेळायला फटी होत्या आणि त्याखाली विजेचे सगळे जोड. दोन हमालांनी ती दुसऱ्या मजल्यावर चढवून गॅलरीत ठेवली.

शुभदाबाई हळदीकुंकवाचं तबक घेऊन आल्या. घरात नवी वस्तू आली की तिची पूजा करायची, मग ती स्कूटर असो की शिवणयंत्र, हा त्यांच्या माहेरचा आणि सासरचा दोन्हीकडचा रिवाज. एक नारळ वाढवायचा, थोडं पाणी शिंपडायचं, हात जोडायचे.

सरांनी तबक वरच्यावर अडवलं. भट्टीला वीज लागते, फूल लागत नाही, असं त्यांनी समजावलं. रविवारी मुलांना विज्ञान दाखवायचं आणि त्याआधी भट्टीला कुंकू लावायचं, हे आपल्याला जमणार नाही. शुभदाबाईंनी तबक परत नेलं. जाताना एवढंच म्हणाल्या, "मग जपून."

सरांनी बटण दाबलं. भट्टी गुरगुरली. आतलं वेटोळं हळूहळू लालसर व्हायला लागलं. शुभदाबाईंचा चहा उकळला, गाळून झाला, आणि घरातली लाइट गेली.

लाइट गेली की आपल्याकडे पहिल्यांदा काय करतात? मेणबत्ती शोधत नाहीत. गॅलरीत येतात आणि शेजाऱ्याला विचारतात, तुमची पण गेली का? शेजाऱ्याची गेली असेल तर जीव भांड्यात पडतो. शेजाऱ्याची असेल तर मात्र माणूस एकटा पडतो. सरांनी शेजारच्या हंसाबेनना विचारलं. हंसाबेन गुजराती, मनाने उदार, हातात कायम काहीतरी खायचं.

"हमारी तो है, सरजी," त्या म्हणाल्या. "आपकी अकेले की गई।"

म्हणजे फ्यूज. आता फ्यूज म्हणजे काय, हे ज्या बाळगोपाळांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. फ्यूज म्हणजे मुद्दाम दुबळी ठेवलेली तार. घरात झेपणार नाही इतकी वीज धावायला लागली की ही तार स्वतः वितळते आणि घर वाचवते. प्रत्येक कुटुंबात असं एक माणूस असतं. सगळ्यांचा ताण वाढला की तेच आधी उठून बाहेर जातं.

कारण सरांना तत्काळ सापडलं. भट्टी चालू असताना बाथरूममध्ये गीझर चालू होता, बेडरूममध्ये एसी. एवढा भार बिचाऱ्या तारेला कुठून झेपणार? निदान अगदी बरोबर होतं, हे मी सरांच्या बाजूने नोंदवून ठेवतो. सर तार आणि पेचकस घेऊन खाली मीटर रूममध्ये गेले.

मीटर रूमची किल्ली सोसायटीचे सेक्रेटरी कमळाकर यांच्याकडे असे. कमळाकर मूळचे खारी गावातले. इमारती उभ्या राहायच्या आधीपासून त्यांचं घर तिथे, त्यामुळे सोसायटीतला प्रत्येक माणूस त्यांना पाहुणा वाटायचा. किल्ली शोधायला त्यांना वेळ लागे, आणि सापडल्यावर ती हातात ठेवून, पूर्वी इथे मिठागरं कुठवर होती ते सांगायला त्याहून जास्त. सर फ्यूजला तार बांधून वर आले तेव्हा बराच वेळ गेला होता. घरात छान वास येत होता. शुभदाबाई गॅलरीतून फडकं घेऊन आत येत होत्या. सरांना वाटलं, काय टापटीप बाई आहे.

या वेळी सरांनी गीझर बंद, एसी बंद, फ्रिजसुद्धा बंद केला. भट्टीचं बटण दाबलं. चहा गाळून झाला. चहा पिऊन झाला. कपबशी धुऊन झाली. सर शुभदाबाईंकडे विजयी नजरेने बघणार, तोच चुर्र असा आवाज आला आणि लाइट गेली.

दुसऱ्या दिवशी सर बाजारातून जाडजूड नवी केबल घेऊन आले. जुनी काढली, नवी लावली. फ्यूज बांधायला खाली गेले, मिठागरांची माहिती ऐकली, वर आले, बटण दाबलं. दाबल्याबरोबर लाइट गेली.

मग सरांनी भिंतीवरचा सॉकेट बदलला.

त्या दिवसांत जेवण मात्र सुरेख होत होतं. सकाळी इडलीबरोबर ओल्या खोबऱ्याची चटणी. दुपारी सोलकढी. संध्याकाळी वर्गातल्या मुलांना नारळाच्या वड्या. रात्री भाजीवर खोबऱ्याचा असा पाऊस, की खाली भाजी कसली आहे ते शोधावं लागे. "नारळ स्वस्त झालेत वाटतं," सर म्हणाले. शुभदाबाई म्हणाल्या, हो ना. डोळे उघडे ठेवून बघा, असं मुलांना सांगणाऱ्या सरांनी आणखी दोन वड्या घेतल्या.

शनिवार उजाडला. टीपॉयवरची चित्रं कच्चीच होती. हिना येऊन मांजराकडे बघून गेली. ते सरांना लागलं. निहारने विचारलं, "सर, रविवारी बादलीत पाणी कमी घातलं तर?" सर पेचकस घेऊन गॅलरीत गेले.

शुभदाबाईंनी हळूच सुचवलं, की खालच्या मजल्यावरच्या नीलमच्या ओळखीचा एक वायरमन आहे, मुलांसाठी म्हणून एकदा बोलवावा का. सर म्हणाले की मुलांसाठी म्हणूनच बोलवायचा नाही. उद्या मुलं विचारतील, भट्टी कोणी दुरुस्त केली? त्यांना काय सांगू? आणि ते परत फ्यूज बांधायला खाली गेले.

कमळाकरना आता सरांची दया येऊ लागली होती. दयेत थोडा स्वार्थही होता. रोज किल्ली शोधून त्यांचे गुडघे दुखायला लागले होते. सर तार कापायला वळले तेवढ्यात कमळाकरनी स्वतःच फ्यूज उचलला, तारेचे चार पदर घेतले, गंडा बांधावा तसे पिळले आणि घट्ट बसवून टाकले. सरांना म्हणाले, "झाला, सर. आता न्हाय जायचा."

सर वर आले. घरात शुभदाबाई गॅलरीतून फडकं घेऊन आत येत होत्या. सरांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि बटण दाबलं. दूध उतू गेल्यासारखा वास आला. "गॅसवर बघ," सर ओरडले. शुभदाबाई गॅसकडे गेल्या नाहीत. भट्टीच्या पोटात फट् झालं.

कमळाकरांचा शब्द खरा ठरला. सरांचा फ्यूज गेला नाही. इमारतीचा गेला.

सर सवयीने गॅलरीत आले. या वेळी सगळ्या गॅलऱ्या भरलेल्या होत्या आणि सगळे एकमेकांना, तुमची पण गेली का, असं विचारत होते. क्षणभर सरांना फार बरं वाटलं. मग जिन्यातून हंसाबेनचा आवाज आला. त्या लिफ्टमध्ये अडकल्या होत्या.

लिफ्ट दुसऱ्या मजल्याच्या जरा खाली थांबली होती. जुन्या पद्धतीची, जाळीच्या दाराची. जाळीतून हंसाबेनचं फक्त डोकं दिसत होतं. सर गुडघ्यांवर बसले, धीर दिला, श्वास हळू घ्या म्हणाले. हंसाबेन पूर्ण शांत होत्या. त्यांनी वरच्या फटीतून एक कापडी पिशवी सरकवली.

"सरजी, पहले ये पकडो। बहुत भारी है।"

पिशवीत तीन नारळ होते, एकेक फुटबॉलएवढा.

"इतने बड़े नारियल?" सरांनी विचारलं, कारण अडकलेल्या माणसाशी काहीतरी बोलत राहावं, असं त्यांनी वाचलं होतं.

"आपकी भट्टी के वास्ते ना। शुभदाबेन बोली, छोटे से काम नहीं होता।"

सर गुडघ्यांवरच राहिले. "भट्टी के वास्ते म्हणजे?"

"पानी चढ़ाते हैं ना, ऊपर से," हंसाबेन म्हणाल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. "अरे. आपको तो बोलना नहीं था।"

सर पिशवी घेऊन उठले. शुभदाबाई दारातच उभ्या होत्या. सरांनी नुसती पिशवी पुढे धरली. चाळीस वर्षांच्या संसारात एवढं पुरतं.

"तुम्ही खाली गेलात की करायचे," शुभदाबाई म्हणाल्या. "तुमच्यासमोर केलं असतं तर करू दिलं असतं का?"

"अगं, चालू विजेच्या यंत्रावर पाणी?"

"चालू कुठे? फ्यूज गेलेला असायचा तेव्हाच घालत होते. मला काय कळत नाही?"

सरांनी कपाळाला हात लावला. इतक्या वेळा फ्यूज गेला, तेव्हा एकदा तरी शंका यायला नको का, असं ते म्हणाले. शुभदाबाईंचा आवाज चढला. त्यांच्या मते त्यांनी जे केलं ते अगदी सरांच्या वर्गातल्यासारखं केलं होतं.

"पहिल्यांदा पूजा नव्हती केली. भट्टी चहा गाळेपर्यंत टिकली. मग मी नारळ वाढवून पाणी घातलं, तर चहा पिऊन कपबशी धुवेपर्यंत टिकली. फरक पडला की नाही? तुम्हीच पोरांना सांगता ना, फरक बघा म्हणून?"

"आणि तिसऱ्यांदा? लगेच गेली ती?"

"तो नारळ लहान होता."

लिफ्टमधून हंसाबेनने दुजोरा दिला. "छोटा ही था, सरजी। मैंने देखा था।"

"आणि आज?"

"आज नारळ संपले होते," शुभदाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "दूध घातलं."

सर गॅलरीत गेले, भट्टीची पिन काढली आणि पेचकसाने वरचा पत्रा उघडला. आत विजेचे जोड होते, आणि जोडांवर कुंकवाचा चिखल, फुगलेल्या अक्षता, तुळशीची पानं, नारळाच्या शेंडीचे चार केस आणि नुकतंच नासलेलं दूध. भट्टीच्या पोटात सत्यनारायणाचा प्रसाद तेवढा व्हायचा राहिला होता.  सरांची प्रत्येक दुरुस्ती बरोबर होती, आणि प्रत्येक दुरुस्तीवर घरातूनच पाणी पडत होतं.

शुभदाबाई मागे येऊन उभ्या राहिल्या. त्यांनीही आत बघितलं. त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे माझ्यामुळे पोरांची मांजरं कच्ची राहिली," त्या म्हणाल्या. "हिनाला मी सांगितलं होतं, तुझ्या मांजरासाठी रोज देवाला सांगतेय म्हणून."

आता सरांना रागवायचं होतं. सगळी तयारी झाली होती. पण प्रश्नाला न रागवायची त्यांची सवय फार जुनी होती, आणि शुभदाबाईंच्या तोंडावर नेमका तसा भाव होता, जसा चुकीचं उत्तर मनापासून दिलेल्या मुलीच्या तोंडावर असतो. सर म्हणाले, "फडकं दे. ते तुझं रोजचं."

वीज कंपनीची माणसं येऊन इमारतीचा फ्यूज बसवून गेली. जाताना त्यांनी कमळाकरांचा तो चार पदरी गंडा बघितला आणि कमळाकरांकडे असं पाहिलं, की ते मिठागरांबद्दल एक शब्द बोलले नाहीत. सरांनी तिथे योग्य जाडीची तार बांधली. हंसाबेन लिफ्टमधून बाहेर आल्या आणि प्रायश्चित्त म्हणून सुनेचा हेअर ड्रायर घेऊन आल्या. मग सर जोड पुसत होते, शुभदाबाई दिव्याची जुनी वात घेऊन कोपऱ्यातलं कुंकू टिपत होत्या, आणि हंसाबेन आळीपाळीने भट्टीवर आणि स्वतःच्या केसांवर गरम वारा सोडत होत्या. पत्र्याखालचा प्रत्येक कोपरा खडखडीत कोरडा झाला. सरांनी चित्रं एकेक करून आत ठेवली. मांजर, रिक्षा, कासव, समोसा. दार लावलं.

आता फक्त बटण दाबायचं होतं. सरांचं बोट बटणावर गेलं आणि तिथेच थांबलं.

विज्ञान म्हणत होतं, चालेल. पण आता फ्यूज गेला, तर पुन्हा वेळ नव्हता. उद्या सकाळी मुलं येणार, आई-वडील येणार, पाण्याची बादली येणार. मागे स्वयंपाकघराच्या दारात शुभदाबाई रिकाम्या हातांनी उभ्या होत्या. त्या पुढे येत नव्हत्या.  सरांना ते आवडायला हवं होतं.

त्यांनी बोट मागे घेतलं. मागे न बघता म्हणाले, "लाव."

"काय लावू?"

"कुंकू. पण कोरडं."

शुभदाबाई तबक घेऊन इतक्या वेगाने आल्या, की ते तयारच असावं. त्यांनी भट्टीच्या दाराला, पत्र्यापासून लांब, चिमूटभर कोरडं कुंकू लावलं. नारळाचं काय करू, असं त्यांनी डोळ्यांनी विचारलं. सर म्हणाले, जिन्यात फोड, आणि पाणी हंसाबेनला प्यायला दे.

बटण दाबलं. भट्टी गुरगुरली. चहा गाळून झाला, पिऊन झाला, कपबशी धुऊन झाली. रात्रीचा भात झाला. वेटोळं लालबुंद पेटलं होतं आणि घरातला दिवा शांतपणे जळत होता.

रविवारी पार्किंगमध्ये हिनाने स्वतःच्या हाताने मांजर बादलीत बुडवलं. डोळे मिटून घेतले. बाहेर काढलं तेव्हा मांजर अख्खं होतं, मिशांसकट. निहारच्या रिक्षाचं मीटर भट्टीत गळून पडलं होतं. निहारच्या वडिलांनी, आता अगदी खरी रिक्षा झाली, असं म्हणून त्याची समजूत काढली. मुलं ओल्या हातांनी नाचली. मग कोणीतरी विचारलं, सर, भट्टीला झालं काय होतं?

सर खुलले. त्यांनी सगळं सांगितलं. कोरड्या जोडांतून वीज कशी आपल्या वाटेने जाते, ओलावा आला की कशी आडवाट धरते, नारळाच्या पाण्यात क्षार असतात म्हणून ती कशी जास्तच सहज धावते. शुभदाबाईंचं नाव न घेता, अगदी सोप्या शब्दांत, हात हलवून सांगितलं. पालकांनी माना डोलावल्या. पहिल्या रांगेतले कमळाकर तर मन लावून ऐकत होते.

सर थांबल्यावर ते उठून पुढे आले. गेले दोन दिवस सोसायटीचा पाण्याचा पंप सारखा बंद पडतोय, असं त्यांनी सांगितलं. सरांनी खिशातला पेचकस चाचपला आणि म्हणाले, "चला, आत्ता बघू."

"न्हाय, सर, तुम्ही बसा," कमळाकर म्हणाले. "वयनींना तबक घिऊन पाठवा."

शुभदाबाईंनी पदर खोचला. तबक घेऊन त्या कमळाकरांच्या मागून पंपाकडे निघाल्या, त्यांच्यामागे हंसाबेन उरलेले दोन नारळ घेऊन. गुणवंत सर क्षणभर मुलांकडे बघत उभे राहिले. मग त्यांनी वर घरी जाऊन हंसाबेनच्या सुनेचा हेअर ड्रायर उचलला आणि गुपचूप त्या सगळ्यांच्या मागे गेले.